मोटारबंद डोंगर, सायकलबंद रस्ता

पनवेलच्या एका अंगाला सायकलला मनाई असलेला रस्ता आहे आणि दुसऱ्या अंगाला मोटारीला मनाई असलेला डोंगर. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. 2002 साली पूर्ण झालेल्या या 94.5 किलोमीटरच्या मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, सायकल आणि पायी चालणारा माणूस यांना प्रवेश नाही. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, तिथेही सायकलला बंदीच. पूर्वेला पाहावं तर आभाळाच्या कडेवर माथेरानचा सपाट माथा दिसतो, आणि तिथे मात्र मोटार जात नाही. सायकलवरून लांबचे दौरे करणाऱ्यांना ज्याची आस असते, तो झाडीतला, डोंगरातला, हॉर्न नसलेला रस्ता पनवेलकराच्या खिडकीतून दिसतो. त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

पनवेल हे मुळात वाटेवरचं गाव. रेल्वे येण्याआधी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याला जायचा. चाकाच्या गाडीला चढता येईल असा घाटरस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, 10 नोव्हेंबर 1830 रोजी खुला झाला. याच पनवेल-खोपोली वाटेवर चौक हे गाव लागतं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात चौकाहून वन ट्री हिलच्या सोंडेने माथेरानवर चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. माथेरानचा गिरिस्थान म्हणून लौकिक तेव्हापासूनचा. ठाकूर आणि कातकरी अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे वावरत होते. पुढे सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात सुमारे 16 लाख रुपये खर्चून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. त्यामुळे माथेरानचं सगळं रूप पाऊल, घोडा, डोली आणि छोटी गाडी यांच्या मापाने घडलं. मोटारीसाठी रस्ते रुंद करण्याची तिथे वेळच आली नाही.

या रीतीला पुढे कायद्याचं बळ मिळालं. केंद्र सरकारने 4 फेब्रुवारी 2003 रोजी माथेरान आणि भोवतालचा 214.73 चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्याला 200 मीटरचा संरक्षक पट्टाही दिला. बाहेरून येणारी गाडी दस्तुरी नाक्याला थांबते. पुढे लाल मातीचा रस्ता, जांभूळ, हिरडा आणि अंजनाची सावली, आणि नशीब असेल तर फांदीवरून फांदीवर जाणारं शेकरू. लाखो माणसं दरवर्षी तिथे जातात, हॉटेलं चालतात, बाजार भरतो, लग्नं होतात. मोटारीवाचून गाव चालत नाही असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण दाखवावं.

पण मोटारबंदीची एक काळी बाजूही माथेराननेच दाखवली. मोटार नाही म्हणून माणसाने माणसाला ओढायचं, हे तिथे पिढ्यान् पिढ्या चाललं. 94 परवानाधारक हातरिक्षा त्या चढउतारांवर दोन-तीन माणसांच्या जोरावर चालत. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देण्यासाठी योजना आखायला सांगितलं. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. शांत रस्ता हवा असेल, तर त्या शांततेची किंमत कोणाच्या तरी फुप्फुसांनी चुकवायची नसते. रस्ता मोटारींना बंद करताना तिथे राहणाऱ्यांचं काय, हे आधी विचारावं लागतं. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याला जाणाऱ्या धोदाणीच्या रस्त्याकडे वळताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मुंबईच्या सायकलवाल्यांना माथेरान ठाऊक आहे तो मुख्यतः नेरळ ते दस्तुरी या घाटामुळे. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण चढ शंभर मीटरला सरासरी आठ-नऊ मीटरचा, वळणांवर त्याहून खडा. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी वेग ताशी सहा-सातच्या वर जात नाही. एवढ्या संथ गतीत सायकल सरळ रेषेत चालत नाही. प्रत्येक पायडलसरशी पुढचं चाक वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे होतं. मागून प्रवाशांनी भरलेली टॅक्सी पहिल्या गिअरमध्ये येत असते. चढावर थांबली तर पुन्हा उचलणं तिलाही जड, म्हणून ड्रायव्हर वळणाच्या आधीच हॉर्न देतो आणि सायकलवाला कडेच्या खडीत उतरतो. चूक दोघांचीही नसते. ताशी सहाच्या वेगाला आणि ताशी तिसाच्या वेगाला एकच अरुंद पट्टी दिली की असंच होणार. त्यातून जळक्या ब्रेकचा आणि क्लचचा वास, तोही नेमका माणूस छाती भरभरून श्वास घेत असताना.

दस्तुरीला चढणारा रस्ता संपतो आणि सायकलही तिथेच थांबावी असं माझं मत आहे. माथ्यावरचा रस्ता पायी चालणाऱ्यांचा आणि घोड्यांचा आहे. उतारावर न वाजणारी सायकल घोड्याला बुजवते, आणि सैल लाल मातीत चाकांचे चर पडले की पहिल्याच पावसात त्यांचे ओहोळ होतात. सायकलच्या दौऱ्याला माथा लागत नाही. त्याला लागतात पायथ्याचे रस्ते, आणि ते पनवेल तालुक्यात आहेत.

पनवेलहून नेरेमार्गे निघावं. वाटेत कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन लागतं. पुढे वाजे, मग गाढेश्वर आणि देहरंग धरण. जुन्या पनवेलला पाणी पाजणारं हे धरण गाढी नदीवर आहे, आणि ही नदी माथेरानच्याच डोंगरात उगवते. उजव्या हाताला प्रबळगड आणि कलावंतीण सुळका, समोर माथेरानची पश्चिमेची भिंत, अधूनमधून ठाकरांच्या वाड्या. मालडुंग्याच्या पुढे रस्ता धोदाणीला जाऊन संपतो. पनवेलपासून एकूण वीसेक किलोमीटर. साग, ऐन, पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुललेली. चढ बेताचा, त्यामुळे साध्या बिनगिअरच्या सायकलवरही जमतो. डांबर संपतं तिथून पायवाट माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढते. या वाटेने इथल्या बायाबापड्या भाजीपाला, रानमेवा घेऊन वर विकायला जातात. डोक्यावर पाटी, पायात साधी चप्पल, आणि बूट-बाटल्यांनी सजलेला शहरी ट्रेकर मागे राहिलेला. दुपारपर्यंत त्या उतरूनही आलेल्या असतात.

रस्त्याचं टोक बंद असल्याने इथे आरपार जाणारी वाहतूक नाही, ट्रकांची रांग नाही. आठवड्यातले बरेच दिवस हा रस्ता सायकलसाठी महाराष्ट्रातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे, असं मी छातीठोकपणे म्हणेन. गोंधळ होतो तो सुट्टीच्या दिवशी, आणि पावसाळ्यात तर विचारायला नको. खारघर, कामोठे, ठाण्यापासून गाड्या येतात. अरुंद पुलांवर दोन्हीकडून अडकतात, शेताच्या बांधावर उभ्या राहतात, आणि एखाद्या वाडीतल्या आजाऱ्याला पनवेलला नेणारी गाडीही त्यातच रुतते. गाढेश्वरच्या पाण्यात माणसं बुडालेली आहेत. म्हणून प्रशासन पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतं. ते आदेश माणसांना असतात: या जागी येऊच नका. जीव वाचतो हे खरं. पण वर्षातले उरलेले कोरडे महिने, जेव्हा पाण्याचा धोका नाही आणि त्रास केवळ गाड्यांच्या गर्दीचा आहे, तेव्हा मनाई गाडीला का असू नये?

बाहेर हे फार वर्षं चाललं आहे. कोलंबियाच्या बोगोता शहरात 1974 पासून रविवारी सकाळी मुख्य रस्ते मोटारींना बंद होतात, आज ते जाळं शंभर किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत सेला शिखरसमूहाभोवतीच्या चार खिंडींचा सुमारे 53 किलोमीटरचा रस्ता जूनमध्ये ठरलेल्या दिवशी फक्त सायकलींसाठी राखतात. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वसंतात बर्फ उपसल्यावर काही रस्ते मोटारींच्या आधी सायकलवाल्यांना खुले होतात. यांपैकी एकाही ठिकाणी नवा रस्ता बांधलेला नाही. आहे तोच रस्ता काही तास वेगळ्या माणसांच्या हाती दिला. आपल्याकडेही 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते असेच मोकळे ठेवले होते.

दुसरी एक संधी खोपोलीला आहे. पनवेलहून पुण्याला जाणारा सायकलस्वार जुन्या महामार्गाने चौक, खोपोली करत शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचतो. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात, आणि चढणारा प्रत्येक जण तिथे क्षणभर थांबतो. हा जुना घाट वर खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गाच्या गर्दीला भिडतो, आणि सायकलवाल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिथेच. खोपोली ते कुसगाव हा 13.3 किलोमीटरचा, बोगद्यांतून जाणारा ‘मिसिंग लिंक’ रस्ता आखला गेला, तो द्रुतगती मार्गाचा घाटातला 19 किलोमीटरचा टप्पा वगळण्यासाठी. वाहतूक बोगद्यातून पलीकडे गेली की घाटातल्या जुन्या पट्ट्यांवर जागा मोकळी होते. मोकळी झालेली जागा भरून निघायला वेळ लागत नाही. हॉटेलं येतात, पार्किंग येतं. म्हणून तिथली एक कडा सायकलींसाठी वेगळी आखायची, तर ती वाहतूक हलते त्याच वेळी आखावी लागेल. मागाहून जागा मागणाऱ्याला जागा मिळत नाही.

धोदाणीच्या रस्त्याला मात्र एवढंही थांबायची गरज नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी वा निर्बंध घालू शकतो. बंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही अट नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की झालं. म्हणजे हिवाळ्यातल्या एका महिन्याचे रविवार, पहाटे पाच ते नऊ, वाजे ते धोदाणी, एवढा प्रयोग एका आदेशाने करून पाहता येतो. एसटी, रुग्णवाहिका, दुधाचा टेम्पो आणि वाड्यांमधल्या रहिवाशांच्या गाड्या यांना पूर्ण मोकळीक. अडवायची फक्त बाहेरून फिरायला येणारी मोटार, आणि तिला उभं राहायला नेऱ्याच्या अलीकडे जागा.

याचा हिशेब वाड्यांच्या बाजूनेही मांडावा लागेल. गाडीतून येणारा माणूस डबा, पाणी, चटई, सगळं घरून आणतो आणि जाताना बहुतेक वेळा कचराच ठेवून जातो. सायकलवाल्याला फार काही लादून आणता येत नाही. त्याला चहा लागतो, पोहे लागतात, पंक्चर काढून देणारा हात लागतो, पावसाळा सरताना काकडी आणि उन्हाळ्यात करवंदं तो तिथेच घेतो. माथेरानला पाटी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला खालीच, धोदाणीच्या झाडाखाली चार तास गिऱ्हाईक मिळालं, तर तिचा एक चढ वाचेल. पण तिला ते हवंय का, रविवारीच हवंय का, बंदीच्या वेळेत तिच्या घरच्या पाहुण्याची गाडी कशी येणार, हे शहरातल्या सायकल मंडळाने ठरवायचं नाही. आधी मालडुंगे परिसरातल्या ग्रामसभांपुढे जायचं, वेळ आणि दिवस त्यांनी सांगायचे, आणि ठराव हातात आल्यावर आदेशासाठी अर्ज करायचा. शेतीची कामं आटोपून दिवाळीनंतर ग्रामसभेला माणसं जमतात. अर्ज त्याच सुमारास गेला तर डिसेंबरचे रविवार हाताशी आहेत.