बीजी दिलं म्हणजे काम सुटलं असं नाही

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांसाठी ओळखलं जातं. बियाण्यांवरचं संशोधन आता शेताबरोबर टर्मिनलच्या काळ्या पडद्यावरही चालतं. कपाशीच्या जीनोममध्ये सुमारे अडीच अब्ज अक्षरं असतात. सिक्वेन्सिंगमधून आलेले तुकडे त्यांच्याशी जुळवायचे, तर एकेका नमुन्याला तासन्‌तास लागतात आणि तोवर प्रॉम्प्ट अडकून पडतो. मग कंट्रोल-झेड दाबायचं, काम थांबतं; बीजी लिहायचं, ते मागे धावू लागतं. जॉब्स लिहिलं की यादी दिसते, एफजी दिलं की काम परत समोर येतं. हे इतकं सहज होतं, की मागे ढकललेलं काम आता आपल्या शेलपासून, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामपासून, मोकळं झालं असंच वाटू लागतं. तसं ते झालेलं नसतं. नुसतं थांबवलेलं काम प्रोसेसर सोडतं, मेमरी मात्र अडवून बसतं. मागे चालणाऱ्या प्रोग्रामने मध्येच पासवर्ड मागितला तर तो जागीच थांबतो, कारण कीबोर्ड समोरच्या कामाच्या ताब्यात असतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर. जालन्यात राउटर बंद पडला तरी काम ज्यावर चालतं तो दुसऱ्या शहरातला सर्व्हर चालूच राहतो. पण तुटलेली जोडणी त्याच्या ध्यानात आली की शेलला हँगअपचा सिग्नल मिळतो आणि शेल तो आपल्या सगळ्या जॉब्सना पाठवतो; मग ते सहसा तिथेच बंद पडतात. यावर कुणी म्हणेल, बीजी देऊन एक्झिट केलं तरी सकाळी काम पूर्ण झालेलं असतं! खरं आहे, एक्झिट लिहून बाहेर पडलं तर बॅश हा शेल एरवी चालू जॉब्सना हा सिग्नल पाठवत नाही. घोटाळा होतो तो इथेच. रीतसर निरोप घेतल्यावर जे टिकलं, ते जोडणी तुटल्यावरही टिकेल असं आपण धरून चालतो. डिसओन दिलं तर शेल ते काम यादीतून काढतो आणि त्याला हँगअप पाठवत नाही, पण आउटपुट जुन्या टर्मिनलकडेच जात राहतं आणि ते टर्मिनल नाहीसं झाल्यावर काही प्रोग्राम तेवढ्यावरच कोसळतात. म्हणून सुरुवातीलाच, हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणारं नोहप लावून आउटपुट फाइलमध्ये वळवणं बरं. जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारं टीमक्स असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेपही रास्तच, फक्त चार तास आधी साध्या टर्मिनलवर लावलेल्या कामाला टीमक्सचा उपयोग नाही. तिथे कंट्रोल-झेड, बीजी आणि डिसओन एवढंच हाताशी उरतं.

सर्व्हरच जालन्यात असेल आणि यूपीएसने मान टाकली, तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे नमुन्यागणिक वेगळी फाइल लिहून ठेवलेली असली, तरच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.