अराऊच्या पुळणी

1800 च्या एप्रिलमध्ये जर्मन निसर्गअभ्यासक अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट ओरिनोको नदीवर पोचले, तेव्हा पुळणींवर अराऊ कासवाच्या अंड्यांची सुगी जोरात होती. हे दक्षिण अमेरिकेतलं सर्वांत मोठं नदीकासव. पाणी ओसरून वाळू उघडी पडली की हजारो माद्या एकाच पुळणीवर चढतात आणि एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी पुरते. माणसं ती अंडी पाण्यात फोडत, उन्हात वर आलेलं तेल उकळून बुधल्यांत भरत. बुधल्यांवरून हम्बोल्टांनी हिशेब मांडला: वर्षाला 3 कोटी 30 लाख अंडी. पूर्वी जेझुइट मिशनरी पुळणीचा एक भाग न खणता राखत; पुढं फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांच्या काळात सगळी पुळण खणली जाऊ लागली आणि सुगी घटत चालली, हेही हम्बोल्टांनी लिहून ठेवलं. मला त्या कोट्यवधींच्या आकड्यापेक्षा ही नोंद मोलाची वाटते.

ती कुणी मनावर घेतली नाही. 1863 मध्ये इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी वरच्या अ‍ॅमेझॉनचा आणि मदेइरा नदीचा अंदाज दिला: दिव्यांसाठी आणि मासे तळण्यासाठी वर्षाला 8,000 बुधले तेल, त्यापायी 4 कोटी 80 लाख अंडी. ब्राझीलमध्ये रानटी प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली ती 1967 मध्ये, आणि पुळणी राखण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला 1979 मध्ये.

एवढ्या संहारानंतर कळलं की हे कासव बोलतं. संशोधक कामिला फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या त्रोम्बेतास नदीत पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले. पिल्लं अंड्यात असल्यापासून आवाज काढतात, माद्या पुळणीजवळ थांबतात आणि पुढं पिल्लांबरोबर पोहत जातात, असं त्यांनी 2013 मध्ये मांडलं. पुळणीवर मादी मारली गेली की पिल्लांची सोबतही जाते, याचा विचार तोवर कुणी केलाच नव्हता.

2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीवर ड्रोनच्या छायाचित्रांतून 41 हजारांवर कासवांचा मेळा मोजला गेला. हा आकडा सुखावतो, पण मला जास्त आशा वाटते ती ब्राझीलमधल्याच जुरुआ नदीकडे पाहून. तिथं काठावरचे गावकरी विणीच्या महिन्यांत पुळणींवर रात्रंदिवस पहारा देतात, बहुतेकदा तुटपुंज्या मोबदल्यावर. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राखलेल्या पुळणींवरची सुमारे 2 टक्के घरटी लुटली गेल्याचं आढळलं. न राखलेल्या पुळणींवर 99 टक्के.