नांवाची जागा व खरी जागा

एका संगणकाच्या पोटांत दहा-वीस आभासी संगणक नांदविण्याची विद्या आतां नवी राहिलेली नाहीं. केंब्रिज विद्यापीठांत सिद्ध झालेली आणि २००३ सालीं निबंधरूपानें जगापुढें आलेली झेन ही त्या विद्येंतील एक प्रमुख प्रणाली होय. तिच्यावर आधारलेल्या झेनसर्व्हर व एक्ससीपी-एनजी यांमध्यें आभासी संगणकांच्या डिस्का ज्या कोठारांत ठेवतात, त्यास स्टोअरेज रिपॉझिटरी म्हणतात. या कोठाराच्या हिशेबासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

वांटणीच्या रीती दोन. एलव्हीएम कोठारांत ज्यास २०० गिगाबाइटची डिस्क दिली, त्याच्या नांवें तेवढी जागा पहिल्याच दिवशीं बाजूस काढली जाते; मग तो ती वापरो वा न वापरो. दुसरी रीत थिन, म्हणजे विरळ वांटणीची. स्थानिक डिस्कवरील ईएक्सटी किंवा जाळ्यावरील एनएफएस कोठारांत प्रत्येक डिस्क ही एक फाईल असते, आणि लिहिणें होईल तसतशी ती दोन-दोन मेगाबाइटच्या तुकड्यांनीं वाढत जाते. पेढीवाला सर्व ठेवीदारांच्या रकमा तिजोरींत रोख ठेवीत नाहीं. सारेच एका दिवशीं दारीं येणार नाहींत, हा त्याचा भरंवसा. थिन कोठाराचा कारभार याच भरंवशावर चालतो. १००० गिगाबाइटच्या कोठारांत २००च्या दहा डिस्का खुशाल निर्माण करतां येतात. कोणी अडवीत नाहीं, आणि धोका नेमका तेथेंच आहे.

यासाठीं आज्ञा टंकून हिशेब पाहण्याची संवय लावून घ्यावी. ‘एक्सई एसआर-लिस्ट’ ही आज्ञा कोठारांची यादी व प्रत्येकाची ओळखसंख्या देते. ती संख्या देऊन ‘एक्सई एसआर-पॅरम-लिस्ट’ म्हटलें कीं तीन आंकडे दिसतात: फिजिकल-साइझ म्हणजे एकंदर खरी जागा, फिजिकल-युटिलायझेशन म्हणजे त्यांतील खर्ची पडलेली, आणि व्हर्च्युअल-ॲलोकेशन म्हणजे दिलेल्या वचनांची बेरीज. तिसरा पहिल्याहून मोठा असला म्हणून घाबरूं नये. दुसरा पहिल्याच्या जवळ येऊं लागला म्हणजे मात्र झोप उडाली पाहिजे. आंकडे ताजे हवेत तर अगोदर ‘एक्सई एसआर-स्कॅन’ चालवावें.

माझी झोप एकदां उशिरा उडाली. रात्रींतून कोठार कांठोकांठ भरलें, आंतील संगणकांना लिहितां येईना, आणि त्यांच्या फाईली केवळ वाचण्यापुरत्या उरल्या. मीं घाईनें एका आभासी संगणकांतील जुन्या नोंदी पुसल्या. कोठारांत तसूभरहि जागा झाली नाहीं! कारण व्हीएचडी फाईल एकदां वाढली कीं आंतील पुसापुशीनें ती आक्रसत नाहीं. मग स्नॅपशॉट काढून टाकले, तरी आंकडा जागचा हलेना. स्नॅपशॉट गेल्यावर मागें उरलेल्या फाईलींच्या थरांचें एकीकरण व्हावें लागतें, आणि त्या कामीं थोडी मोकळी जागा आधींच लागते. कर्ज फेडण्याकरितां हातीं थोडी रोकड असावी लागते, तशांतला प्रकार. अखेर ज्या डिस्कचा स्नॅपशॉट नव्हता अशी एक डिस्क, तिचा संगणक बंद करून, ‘एक्सई व्हीडीआय-कॉपी’नें दुसऱ्या कोठारांत नेली व मूळची नष्ट केली. त्यानंतर एसआर-स्कॅन चालवितांच एकीकरण सुरू झालें आणि तासाभरानें जागा परत मिळूं लागली.

ज्यांचें कोठार एलव्हीएमचें आहे त्यांस तें जागच्या जागीं थिन करतां येत नाहीं. तें ‘एसआर-डिस्ट्रॉय’नें मोडून, ‘एक्सई एसआर-क्रिएट’ ह्या आज्ञेनें, प्रकार ईएक्सटी असा सांगून, नव्यानें मांडावें लागतें. ह्या आज्ञेस जी डिस्क दाखवाल तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. तेव्हां अगोदर सर्व डिस्का अन्यत्र हलवाव्या, आणि एंटरची कळ दाबण्यापूर्वीं ‘एलएसबीएलके’नें उपकरणाचें नांव पुन्हा एकदां ताडून पाहावें.