शेतातला अपघात आणि भरपाईचा हक्क



सोयाबीनची मळणी जोरात आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात रात्ररात्र यंत्रे चालतात. आभाळ भरून आलेले, माणसे थकलेली, आणि अशात एखाद्याचा हात यंत्रात जातो. मग धावपळ होते, दवाखाना होतो, उसनवारी होते. गावातली चार माणसे बसून काहीतरी रक्कम ठरवतात आणि विषय मिटला म्हणतात. पण ज्याचा हात गेला त्याचा विषय मिटत नाही. त्याला पुढची वीस वर्षे त्याच अंगाने काढायची असतात. त्याचा कायदेशीर हक्क किती होता, हे मात्र कोणी पाहिलेलेच नसते. तो कसा पाहायचा, ते आज समजून घेऊ.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला शेतकरी वर्षात तीन रूपांत वावरतो. स्वतःच्या रानात तो खातेदार असतो. मळणीला, फवारणीला चार माणसे लावली की तो मालक होतो. आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेला की तो मजूर होतो. भरपाई कोणाकडे मागायची, हे अपघाताच्या वेळी आपण कोणत्या रूपात होतो यावर ठरते.

खातेदार म्हणून

सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत चाले. एप्रिल 2023 पासून कंपनी मध्ये नाही, सरकार थेट अनुदान देते. खातेदार आणि त्याच्या घरातील आणखी एक जण, वय 10 ते 75, यांना लाभ मिळतो. आई, वडील, नवरा-बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांपैकी हा एक जण असू शकतो.

अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. दोन डोळे, दोन अवयव, किंवा एक डोळा व एक अवयव गेल्यासही 2 लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख. साप-विंचू चावणे, वीज पडणे, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, उंचावरून पडणे, औषध हाताळताना विषबाधा होणे, रस्त्यावरचा अपघात, हे सारे यात येते. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या, दारू पिऊन वाहन चालवताना झालेला अपघात हे येत नाही. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुःखाचे दिवस असतात, तेरावा-चौदावा होईपर्यंत निम्मी मुदत सरते. म्हणून भाऊबंदांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावे.

मजूर म्हणून

मजुराच्या भरपाईचा कायदा 1923 सालापासून होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 या कायद्याने घेतली आहे. ट्रॅक्टरने शेती, यंत्राने मळणी, पिकावर औषध फवारणी, वाहनात माल भरणे-उतरवणे ही कामे कायद्याच्या यादीत आहेत. उसाच्या मोळ्या ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरणारा माणूस म्हणजे भरणे-उतरवणे करणाराच झाला.

आता हिशेब पाहा. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घेऊन त्याला वयाच्या गुणकाने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी शंभराला साठ धरतात. वय जितके कमी तितका गुणक मोठा. समजा मजुराचे वय 40 आणि मजुरी महिना 10,000 रुपये आहे. चाळिशीचा गुणक 184.17 आहे. मृत्यू झाल्यास 5,000 गुणिले 184.17, म्हणजे 9,20,850 रुपये झाले. पूर्ण अपंगत्वाला 11,05,020 रुपये. एका हाताचा पंजा गेला तर कायद्याच्या तक्त्यात ते नुकसान शंभराला साठ धरले आहे. म्हणजे 6,63,012 रुपये. आता गावच्या बैठकीत ठरणारी रक्कम याच्या शेजारी ठेवून पाहा!

हाड मोडून माणूस काही काळ घरी बसला, तर बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा देणे लागते. दागिने मोडण्याआधी हे मागा.

ऊसतोड मजुरांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. पहिली, भरपाईची रक्कम उचलीत वळती करता येत नाही. मुकादम काहीही म्हणो, उचल वेगळी आणि भरपाई वेगळी. दुसरी, "आता काही मागणार नाही" असा कागद करून घेतला तरी त्याने हक्क बुडत नाही. तिसरी, मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी येऊन हातावर ठेवलेले पैसे म्हणजे भरपाई दिली असे होत नाही. काम मुकादमामार्फत असले तरी ज्याचे काम चालले होते त्याच्यावरही दावा लावता येतो. दाव्यात दोघांचीही नावे घाला.

मालक म्हणून

आता थोडे कटू बोलतो. मजूर तुमच्या रानात, तुमच्या कामावर जखमी झाला, तर देणे तुमच्या अंगावर येऊ शकते. यंत्रवाला म्हणेल शेत तुमचे, तुम्ही म्हणाल माणसे त्याची. म्हणून मळणी ठरवतानाच माणसे कोणाची, हे दोन ओळींत लिहून घ्या. यंत्राच्या तोंडावरचे संरक्षक झाकण काढून मळणी करू देऊ नका. सैल बाही, पदर, उपरणे यंत्राजवळ नको. घरच्या व कामावरच्या प्रत्येकाला बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढायला सांगा. वय 18 ते 70, वर्षाला फक्त 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला 2 लाख. तो काढल्याने मालकाचे देणे मात्र सुटत नाही.

अपघात झाला तर

1. आधी दवाखाना. डॉक्टरांना खरे सांगा: कोणते काम करताना, कोठे, किती वाजता लागले. "घरी पडला" असे लिहून घेतले तर पुढे दावा लंगडा पडतो.

2. त्याच दिवशी पोलीस पाटलांना कळवा. पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्या, प्रत मागा.

3. मालकाला किंवा मुकादमाला लेखी कळवा. एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

4. मजुरीचा पुरावा सांभाळा: उचलीचा कागद, हजेरीची वही, बँकेचे पुस्तक, सोबत्यांची नावे.

5. सातबारा, वयाचा दाखला, डॉक्टरांचे अपंगत्व प्रमाणपत्र, मृत्यू झाल्यास मृत्यूचा दाखला आणि तलाठ्याकडील वारस नोंद एका पिशवीत ठेवा.

6. मजुराच्या भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बंधूंनो, बैल दगावला तर आपण पंचनाम्यासाठी धावतो. माणसाच्या हातापायासाठीही तेवढेच धावले पाहिजे. भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पण हक्क असला तरी तो कागदावाचून हाती येत नाही, आणि कागद होतो तो पहिल्या दोन दिवसांतच. हे पत्रक वाचून झाले की घडी घालून सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. राम राम!