अर्ची-परश्यासाठी रडलो, पण घरच्या लेकराचे काय?

गोष्ट ऐकून रडू येणे हा काही कमीपणा नव्हे. दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याच्या काळजात ओल शिल्लक आहे असे समजावे. तथागतांनी सांगितलेल्या करुणेची सुरुवात तिथूनच होते. पण सुरुवात म्हणजे शेवट नव्हे. रडून झाल्यावर माणूस घरी जातो तेव्हा काय करतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तोच आज आम्हाला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

कोवळ्या वयातल्या प्रेमाची आणि त्याच्या करुण शेवटाची गोष्ट म्हटली की महाराष्ट्रातल्या कष्टकरी घरांना आज एकच नाव आठवते, ते म्हणजे 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. पाटलाची मुलगी अर्ची आणि मासेमारी करणाऱ्या बापाचा मुलगा परश्या यांची ही कथा. अर्चीचे काम करणारी रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी, तर परश्या झालेला आकाश ठोसर हाही नवखाच. ना मोठा हिरो, ना मुंबईचा बंगला. तरीही या चित्रपटाने मराठीत तोवर कोणी केला नव्हता एवढा धंदा केला. खेड्यापाड्यांतून माणसे गाड्या भरभरून तालुक्याच्या थिएटरला गेली. 'झिंगाट'वर पोरे पडद्यापुढे नाचली, आणि शेवटी ते लहान लेकरू रक्तात भरलेले पाय घेऊन बाहेर येते तेव्हा तीच पोरे खुर्चीत खिळून राहिली. त्या शेवटाला संगीत नाही, संवाद नाही. सारे थिएटर गप्प.

रडणाऱ्यांच्या चार तऱ्हा

चित्रपट पाहून आलेल्या माणसांच्या बोलण्यात आम्हाला चार तऱ्हा दिसल्या. पहिली तऱ्हा तरुण पोरांची. त्यांना अर्चीची बुलेट, विहिरीतली उडी आणि गाणी आठवतात. शेवट आठवायला नको वाटतो. दुसरी तऱ्हा आई-बापांची. ते म्हणतात, 'बघा, आई-बापाचे न ऐकता पळून गेले की असेच होते.' म्हणजे ज्या गोष्टीने मारणाऱ्याकडे बोट दाखवले, तीच गोष्ट त्यांनी मरणाऱ्यांना उपदेश करण्यासाठी वापरली. तिसरी तऱ्हा, 'असल्या सिनेमांनीच पोरे बिघडतात' म्हणणाऱ्यांची. आणि चौथी तऱ्हा फार थोड्यांची, बहुतेक बायकांची. त्यांच्या डोळ्यांपुढून अर्चीची आई जात नाही. अर्ची हैदराबादहून फोन करते, नातवाला आजीशी बोलायला लावते. पुढे भाऊ घरी येतो तो आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. लेक चहा ठेवते. त्या माउलीला ठाऊक होते की नव्हते? आणि ठाऊक असते तरी त्या वाड्यात तिचे ऐकले कोणी असते?

आमच्या मते हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण तो पडद्यावरून उठून आपल्या चुलीजवळ येऊन बसतो.

खर्ड्याची तारीख विसरू नका

गोष्ट कल्पित असली तरी तिची माती खरी आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड तालुका आहे. तिथल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला हाल करून मारण्यात आले. त्याचा गुन्हा काय, तर वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा संशय. त्यानंतर बरोबर दोन वर्षे आणि एका दिवसाने 'सैराट' पडद्यावर आला. चित्रपटासाठी लाखो लोक रडले. खर्ड्याच्या खटल्यात मात्र साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ज्या समाजाने तिकीट काढून अश्रू ढाळले, त्याच समाजातली माणसे साक्षीच्या पिंजऱ्यात गप्प झाली. अश्रू आणि साक्ष यांत केवढे अंतर आहे, ते इथे दिसते.

पुढे १९ डिसेंबर २०१८ रोजी खुद्द बीड शहरात घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याला, तो पत्नीसह परीक्षा देऊन बाहेर पडत असताना, भर दिवसा मारण्यात आले. आरोप मुलीच्या भावावर होता. म्हणजे पडद्यावरचा प्रिन्स आपल्याच रस्त्यावर उभा होता.

तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी मथळे दिले, 'बीडमध्ये सैराट'. वाचकांनो, या शब्दाकडे जरा नीट पाहा. सैराट म्हणजे स्वैर, मोकळे, वाऱ्यावर सुटलेले. हा शब्द प्रेम करणाऱ्या दोन जिवांसाठी होता. आता कोणी पळून गेले तरी 'सैराट' आणि कोणी कोणाला ठार केले तरी 'सैराट'! खुन्याच्या कृत्यालाही प्रेमाचेच नाव. खुनाला खून म्हणावे. जातीच्या मस्तीने केलेल्या खुनाला तसेच म्हणावे. शब्द बदलला की दोषही हळूच खुन्याकडून प्रेमिकांकडे सरकतो.

एक गोष्ट आठवणीची, एक रक्ताची

वाचणाऱ्या घरांत मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी पोचली असेल. ती २००४ साली आली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद आणि वर्गातली शिरोडकर यांचे ते कोवळे प्रेम. शेवटी मुलगी गाव सोडून जाते आणि मुकुंदाच्या वाट्याला आठवण उरते. वाचकाच्या घशात आवंढा येतो. अनेकांना आपली नववी आठवते, आपली बाके आठवतात, आणि पुस्तक मिटल्यावर तो गोडसर हुरहुरीने झोपतो.

त्या कादंबरीला आम्ही नावे ठेवत नाही. ती सुंदरच आहे. पण आपल्या मुलाने ती वाचली तर त्याला वाटावे की पहिल्या प्रेमाचा शेवट फार तर विरहात होतो. मंजुळे यांच्याच 'फँड्री'त जब्याला शालू आवडते. तो तिच्याशी धड बोलूही शकत नाही आणि साऱ्या गावासमोर, तिच्याही समोर, त्याला डुक्कर धरावे लागते. शेवटी तो दगड उचलून भिरकावतो, तो थेट पाहणाऱ्याच्या दिशेने. एकच वय, एकच शाळेचा गणवेश. पण एकाच्या वाट्याला आठवण येते, दुसऱ्याच्या वाट्याला अपमान आणि तिसऱ्याच्या वाट्याला मरण. वय सारखे असून जे वेगळे ठरते, त्याचे नाव जात.

हिंदीत २०१८ साली 'सैराट'वरून 'धडक' निघाला. उदयपूरचा वाडा आला, उंची कपडे आले, पण जातीचा काटा बोथट झाला. रडू आले असेल कोणाला, पण कशासाठी रडायचे ते नीट कळले नाही.

'पोरे बिघडतात' ही ओरड जुनी आहे

गोष्टींनी पोरे बिघडतात, ही तक्रार काही आजची नाही. १७७४ साली जर्मनीत गटे या लेखकाने वेर्थर नावाच्या प्रेमभंग झालेल्या तरुणाची कादंबरी लिहिली. वाचून लोक रडले. तरुण त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून फिरू लागले. त्याचे पाहून पोरे जीव देतील या भीतीने लाइपझिग शहरात त्या पुस्तकावर बंदी आली. शेक्सपिअरची ज्युलिएट तर चौदा वर्षांचीही नव्हती. तिला आणि रोमिओला मेल्याला चारशे वर्षे झाली, तरी जग रडतेच आहे.

पालकांची भीती अगदी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. करुण गोष्ट पाहून दुखावलेले लेकरू आणखी खचू शकते. पण त्यावरचा उपाय बंदी नाही. त्याला बोलायला घरात एक माणूस असणे, हा उपाय आहे. वेर्थरला तसे माणूस मिळाले नाही. अर्ची-परश्याला निदान परक्या शहरात झोपडीतली एक आक्का मिळाली. सख्खे दूर झाले आणि परकी बाई माय झाली, हेही चित्रपटात पाहण्यासारखे आहे.

बीडच्या मुलीचे लग्न कोण ठरवते? भीती ठरवते

आता आपल्या घरात डोकावू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायकांमागे चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. हे का होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळी कारखान्याकडे निघते. पोरगी गावात म्हाताऱ्या आजीजवळ राहते. आई-बापाचा जीव फडात लागत नाही. काही वाईट घडेल ही एक भीती, आणि ती कोणाच्या प्रेमात पडेल ही दुसरी. शिवाय नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, म्हणून मुलाकडच्यांनाही घाई असते. मग नववी-दहावीतली पोरगी बोहल्यावर चढते.

ज्या मायबापांनी अर्चीसाठी पदर डोळ्यांना लावला, त्यांनीच 'आपली अर्ची होऊ नये' म्हणून सोळाव्या वर्षी लेकीचे हात पिवळे केले, तर त्या अश्रूंचा उपयोग काय झाला? तिथे रक्त दिसत नाही एवढेच. पोरीची शाळा गेली, अंगात बळ नसताना बाळंतपण आले आणि हातात कोयता आला. ही गोष्ट कोणी पडद्यावर दाखवत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी रडतही नाही.

आणखी एक कडू गोष्ट. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'चा विचार मांडताना आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. १९४८ साली त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यांचे फोटो आपल्या भिंतीवर आहेत. पण मुलीने मातंग, चर्मकार किंवा भटक्या समाजातल्या मुलाचे नाव घेतले की आपलाही आवाज चढतो. पाटलाने परश्याला झिडकारले तर तो जातीयवादी, आणि आपण आपल्याहून खालचा मानून कोणाला झिडकारले तर ती घराची अब्रू! हे माप दोन तऱ्हेचे झाले. आपण जात नाकारली ती वरच्या बाजूने, तशी खालच्या बाजूनेही नाकारली पाहिजे.

रडून झाल्यावर करायची कामे

पहिले काम बोलण्याचे. अर्चीची गोष्ट मुला-मुलींबरोबर बसून पाहा, आणि नंतर उपदेश न करता विचारा, 'तू तिच्या जागी असतीस तर आधी कोणाला सांगितले असतेस?' उत्तरात आपले नाव आले नाही, तर रागावू नका, विचार करा.

दुसरे काम कायदा समजावण्याचे, आणि तो धाक म्हणून नव्हे. लग्नाला मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी लागतात. अठराच्या आतल्या मुलीची संमती २०१२ चा पोक्सो कायदा मानत नाही. हौसेने पळून गेलेल्या मुलावर गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो, त्याचे शिक्षण आणि आयुष्य दोन्ही अडकतात. 'थांबा, आधी शिका, मग आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' हे वाक्य पोरांना आपल्या तोंडून ऐकू आले, तर पळून जाण्याची गरजच उरत नाही. सज्ञान झाल्यावर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन, कोणत्याही जाती-धर्माची दोन माणसे लग्न करू शकतात. आंतरजातीय विवाहासाठी राज्य शासनाची पन्नास हजार रुपयांची मदतही आहे. २७ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान जोडप्याच्या लग्नात पंचायतीला किंवा जमावाला आडवे येता येणार नाही असे बजावले आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश पोलिसांना दिले. बालविवाह ठरत असेल किंवा लेकरू संकटात असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो; पैसे पडत नाहीत.

तिसरे काम साक्षीचे. वस्तीत एखाद्या जोडप्याला धमकी येत असेल तर विहारातल्या चार वडीलधाऱ्यांनी आणि महिला मंडळाने त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. आणि काही घडलेच, तर कोर्टात उभे राहावे.

अर्चीच्या आईने लेकीसाठी वस्तू पाठवल्या, पण त्या घेऊन कोण जाते आहे, यावर तिची सत्ता नव्हती. आपल्या घरातल्या मायमाउलींची ती सत्ता आहे. तिचा वापर करा. पडद्यावरच्या लेकरासाठी रडायला अडीच-तीन तास पुरतात. घरातल्या लेकराचे ऐकायला थोडे जास्त लागतील. तेवढे द्या.