पहिले १०२४ बाइट

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतून तयार झालेला घनता-नकाशा हाती आला की मी आधी फाइलचा आकार बघतो. घनाच्या प्रत्येक बाजूला २५६ व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीतले पिक्सेल, दर व्हॉक्सेलला चार बाइट आणि वर हेडरचे १०२४. सगळे मिळून ६,७१,०९,८८८. आकडा कमी भरला तर फाइल अर्धवट उतरली आहे. जास्त भरला तर जोड-हेडर आहे का ते बघायचं.

मग हेडर कच्च्या बाइटांच्या रूपात उघडतो. पहिले चार बाइट ००, ०१, ००, ००. लहान किमतीचा बाइट आधी धरला तर हे २५६. उलट वाचले तर ६५,५३६! कोणत्या क्रमाने वाचायचं याची खूण पुढे ‘एमएपी’ या अक्षरांच्या पाठोपाठ असते.

एमआरसी नावाची ही रचना केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेतली. स्फटिकशास्त्रज्ञांच्या सीसीपी४ मॅपशी तिचं जवळचं नातं आहे. २००२पासून चालू असलेल्या ईएमडीबी या सार्वजनिक संग्रहातले नकाशेही याच घराण्यातले. पण प्रत्येक प्रोग्रॅमने तिला आपापलं वळण दिलं. व्हॉक्सेलची किंमत कोणत्या प्रकारची संख्या आहे, हे हेडरमधला मोड सांगतो; मोड ० म्हणजे एका बाइटाची संख्या. ती कुणी ऋण-धन धरली, कुणी नुसती धन. त्यामुळे २०० ही घनता दुसरीकडे उणे ५६ वाचली जाई. एमआरसी२०१४ या प्रमाणाने ती ऋण-धनच असल्याचं ठरवून टाकलं.

मला सर्वांत जास्त वेळ लागतो तो माप आणि जागा तपासायला. व्हॉक्सेल किती अँगस्ट्रॉमचा, हे हेडरमध्ये थेट लिहिलेलंच नसतं. पेटीची लांबी भागिले जाळीचे भाग, असं ते काढावं लागतं. त्यात तीन टक्क्यांची चूक असली तरी चित्र देखणंच दिसतं; पण अल्फा हेलिक्सचा ५.४ अँगस्ट्रॉमचा वळसा ५.५६चा होतो आणि अणूंचं मॉडेल त्यात ताणून बसवावं लागतं. आरंभबिंदूचं दुखणं याहून चिवट. त्याच्यासाठी दोन जागा आहेत: एकीत जाळीचे पूर्णांक, दुसरीत अँगस्ट्रॉम. एखादा प्रोग्रॅम पहिली मानतो, एखादा दुसरी. दोन्हींत वेगळं काही लिहिलेलं असेल तर एकीकडे नेमकं बसलेलं मॉडेल दुसरीकडे नकाशाबाहेर तरंगताना दिसतं. नकाशा बरोबर, मॉडेलही बरोबर, आणि तरी दुपार हिशेब जुळवण्यात जाते. त्या दोन जागांचं एकमत करूनच फाइल पुढे द्यावी, असा माझा आग्रह असतो.

रेणू डावा की उजवा, हे मात्र हेडरमधला कोणताच आकडा सांगत नाही. त्यासाठी हेलिक्सचे वळसेच बघावे लागतात.

शेवटी ८० अक्षरांच्या दहा ओळी, मोकळ्या मजकुरासाठी. तिथे बहुधा प्रोग्रॅमचं नाव आणि तारीख तेवढी सापडते. पिक्सेलचं माप कशावरून ठरवलं, मास्क लावला का, नकाशा आरशातला करून घेतला का, हे सगळं त्या ओळींत सहज मावतं. नकाशा करणाऱ्याने ते तिथेच लिहावं.