सरळ कोपराची किंमत

सिडनी ऑलिम्पिक काही महिन्यांवर आले असताना, २००० साली, इटलीचा जिम्नॅस्ट युरी केकी याच्या बायसेप्स स्नायूची कंडरा तुटली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट दोर. केकी तेव्हा तिशीला टेकला होता. १९९३ ते १९९७ अशी सलग पाच वर्षे तो रिंग्जचा जगज्जेता होता, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचे सुवर्णपदक त्याच्याकडे होते. त्याआधी १९९२ मध्ये, बार्सिलोनाला निघण्याच्या तोंडावर, टाचेची कंडरा तुटल्याने त्याचे एक ऑलिम्पिक हुकलेच होते. दोन्ही वेळा स्नायूंनी दगा दिला नव्हता. दगा दिला तो दोरांनी.

टीव्हीवर रिंग्जचा प्रकार पाहताना हा ताण कळत नाही, कारण सगळ्यात अवघड क्षणी खेळाडू काहीच करताना दिसत नाही. जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर, एकमेकींपासून ५० सेंटिमीटर अंतरावर दोन कड्या लोंबत असतात. खेळाडू दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरतो आणि थांबतो. हा ‘आयर्न क्रॉस’. ही स्थिती दोन सेकंद टिकवायची. कोपर सरळ, पाय जुळलेले, कड्यांचे दोर स्थिर. सोव्हिएत संघाकडून खेळणारे आर्मेनियाचे आल्बर्ट अझारियन यांनी १९५६ आणि १९६० अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके रिंग्जवर मिळवली, ती याच क्रॉसच्या जोरावर गाजली.

या दोन सेकंदांत नेमके काय घडते? पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेणे आणि तीच हात लांब करून धरणे यांतला फरक घरोघरी ठाऊक असतो. कळशीचे वजन तेच, पण खांद्यापासूनचे अंतर वाढले की भार वाढतो. क्रॉसमध्ये हेच गणित उलट्या बाजूने चालते. ६० किलो वजनाच्या खेळाडूच्या प्रत्येक हातावर ३० किलो येतात आणि कडी खांद्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर असते. हात वर ढकलला जाऊ नये म्हणून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू त्याला खाली ओढून धरतात. पण हे स्नायू हाडाला खांद्याच्या सांध्याच्या अगदी जवळ चिकटलेले असतात. हे अंतर पाच सेंटिमीटर धरले, तर त्यांना दहापट जोर लावावा लागेल, म्हणजे एका खांद्याला ३०० किलोंच्या भाराइतका. तोही डुलणाऱ्या कडीवर, जिला कुठल्याही दिशेला सरकायची मोकळीक आहे.

रिंग्जवरचे खेळाडू बहुधा बुटके का असतात, याचे उत्तरही यातच आहे. बांधा तोच ठेवून उंची दहा टक्क्यांनी वाढली, तर वजन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते; स्नायूंचा काटछेद, ज्यावर ताकद अवलंबून असते, तो मात्र २१ टक्क्यांनीच. शिवाय हातही लांबतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रिंग्जचे सुवर्ण जिंकणाऱ्या ब्राझीलच्या आर्थर झानेट्टीची उंची १ मीटर ५६ सेंटिमीटर आहे.

आता प्रश्न स्थितीचा. पंच इतके काटेकोर का असतात? हात आडव्या रेषेपासून १५ अंशांपर्यंत चुकले तर किरकोळ गुण कापले जातात, ३० अंशांपर्यंत त्याहून जास्त, ४५ पर्यंत आणखी. ४५ च्या पुढे तर ती कसरत झाली असे धरतच नाहीत. हा केवळ सौंदर्याचा सोस वाटतो, पण तसे नाही. शरीराची रेषा हेच इथले वजनमाप आहे. वेटलिफ्टिंगमध्ये बारवर किती किलो चढवले ते दिसते, रिंग्जवर मात्र प्रत्येकजण स्वतःचेच वजन उचलतो. भार किती घेतला हे फक्त कोनांवरून कळते. कोपर थोडे दुमडले की हात आखूड होतो आणि भार उतरतो. मनगट कडीवर वाकवून टेकवले की तिथेही काही सेंटिमीटर वाचतात, म्हणून पंच मनगटही पाहतात. गंमत अशी, की नवशिका दमला की हमखास खांद्यांतून खाली घसरतो आणि त्याला हलके वाटेल असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात १५ अंश खाली घसरल्याने भार जवळजवळ कमी होतच नाही. गुण तेवढे जातात.

क्रॉसपेक्षा ‘प्लांश’ समजायला सोपे, कारण त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे आहे. मयूरासनात दोन्ही कोपर बेंबीच्या आजूबाजूला रोवून शरीर जमिनीला समांतर तोलले जाते. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो आणि कोपर त्याच्याजवळच टेकू देतात, म्हणून ते साधते. प्लांशमध्ये शरीर तसेच आडवे असते, पण हात सरळ आणि पोटाला टेकू नाही. तरीही तळहात गुरुत्वमध्याच्या खालीच हवेत. त्यामुळे खांदे हातांच्या बरेच पुढे झुकवावे लागतात आणि सगळा भार खांद्यांच्या पुढच्या भागावर येतो. ‘माल्टीज’मध्ये याच आडव्या शरीराचे हात बाजूंना पसरून शरीर कड्यांच्या पातळीपर्यंत उतरवायचे असते. तो प्रकार थोड्यांनाच जमतो.

या आडव्या स्थितींत बिघाड सुरू होतो तो बहुतेक वेळा कंबरेत. खांदे कमी पडले की कंबर वर उचलली जाते किंवा पाठीला बाक येतो आणि छाती पुढे येते. बाक आला की भाराचा काही हिस्सा कण्याच्या खालच्या मणक्यांवर जातो. म्हणून प्रशिक्षक खांद्यांइतकाच आग्रह धडाचा धरतात. बरगड्या आत, ओटीपोट आवळलेले, नितंब घट्ट, पाठ किंचित गोलाकार. खांद्यांची पाती एकमेकांपासून दूर आणि खाली दाबलेली. खांदे कानांकडे चढले की स्नायूंची पकड सुटते आणि भार सांध्याच्या मऊ भागांवर सरकतो.

आणि कोपर? रिंग्जवर हात सरळ असताना बायसेप्स आखडू शकत नाही, पण कोपर उलटे वाकू नये म्हणून तो ताणलेल्या अवस्थेतच जोर धरून असतो. प्लांश आणि माल्टीजमध्ये तर जास्तच. तो जोर हाडापर्यंत पोहोचवते ती कंडरा. व्यायामाने स्नायू काही आठवड्यांतच बळकट होऊ लागतो. कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, तिची गती वेगळी. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये एक नामी युक्ती वापरली. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या माणसांच्या टाचेच्या कंडरेत तो किती सापडतो ते त्यांनी मोजले. निष्कर्ष असा निघाला, की कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. याचा अर्थ मोठेपणी कंडरा सुधारतच नाही असा नाही. नेमका ताण मिळाला तर ती अधिक ताठर होते, पण स्नायूच्या मागून, सावकाश. या मधल्या काळात स्नायूला जे जमते ते कंडरेला झेपतेच असे नाही. जिम्नॅस्ट लहानपणापासून वर्षानुवर्षे सरळ हातांवर भार घेत येतात, त्यामागचे एक कारण हे. तरीही केकीची कंडरा तुटली. शस्त्रक्रियेनंतर तो परतला आणि २००४ मध्ये अथेन्सला, ३४ व्या वर्षी, त्याने रिंग्जवर कांस्यपदक घेतले. अशी पुनरागमने फार दुर्मीळ असतात.

हल्ली कड्या जिम्नॅशियमबाहेरही दिसतात. उद्यानातल्या बारला किंवा गच्चीवरच्या लोखंडी अँगलला पट्ट्याने टांगलेल्या, आणि त्यांवर पंचविशी-तिशीत प्रथमच लटकणारी मंडळी. दंडांत ताकद असते, दोन-तीन महिन्यांत क्रॉससारखे काहीतरी दिसू लागते आणि मग कोपराच्या आतल्या बाजूला दुखरी कळ सुरू होते. खेळाडू वेगळ्या वाटेने जातात. ते स्थिती बिघडवत नाहीत, तरफ आखूड करतात. प्लांशसाठी आधी गुडघे पोटाशी घेतलेले, मग पाय फाकवलेले, मग जुळलेले. क्रॉससाठी कडीचा आधार तळहाताऐवजी कोपराजवळ देणारे पट्टे, पायाखाली रबरी पट्टी किंवा कप्पीवरून सोडलेले वजन. भार कमी, पण कोपर सरळ आणि खांदे खालीच.

ज्याला नुसती हौस आहे त्याने सुरुवात कड्यांवर हात सरळ ठेवून उभ्याने तोल धरण्यापासून करावी. खांदे कानांपासून दूर, कड्या मांड्यांना न टेकवता किंचित बाहेर वळवलेल्या. अर्धा मिनिट हात न थरथरता हे जमायलाच अनेकांना काही महिने लागतात. श्वास रोखून धरू नये. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब झपाट्याने वर जातो, त्यामुळे ज्यांना आधीच उच्च रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा स्थिर कसरती करू नयेत. स्नायू दुखणे दोन दिवसांत ओसरते. कोपराच्या खळगीत किंवा आतल्या कडेला एकाच ठिकाणी दुखत असेल आणि कपडे पिळताना, दाराची मूठ फिरवताना तीच कळ येत असेल, तर सरळ हातांचा सराव तिथेच थांबवून ते दाखवून घ्यावे.